अंड्यांना चिखल लागतो कुठून?

पत्र : "आमचं घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून. चौदा कोंबड्या, एक कोंबडा. निम्म्या गावठी, निम्म्या ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या. रात्री खुराड्यात असतात, दिवसा मोकळ्या. खुराड्याच्या कोपऱ्यात एक टोपली ठेवली आहे, पण अंडी कधी टोपलीत, कधी खाली जमिनीवर, कधी लाकडांच्या राशीत. पावसात तर सगळी लाल चिखलाने माखलेली असतात. धुऊन वाळपईला दुकानात देते, तर 'तुमची अंडी लवकर बिघडतात' म्हणून दुकानदार कुरकुरतो. त्यात महिनाभर अंडी नाहीशी होताहेत. शेजारी म्हणतात घोरपड, सासूबाई म्हणतात साप, आणि आमचे हे म्हणतात कोंबड्याच खातात. सुताराला पेट्या करायला सांगितल्या, पण त्याने सांगितलेल्या पैशांत आणखी दहा कोंबड्या येतील. मिरग तोंडावर आला आहे. काय करू?"

ताई, नमस्कार.

सुताराला तूर्त थांबवा. पेटीची मापं पुढे देतोच, पण तुमच्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. अंडी मळतात, भलत्या जागी घातली जातात आणि चोरीला जातात. चांगल्या पेटीने दुसरी तक्रार जवळजवळ मिटते. पहिली आणि तिसरी मात्र पेटीच्या बाहेर सुरू होतात. सुताराची सुबक पेटी आणून तुम्ही आहे त्याच चिखलात ठेवलीत, तर अंडी लालच राहणार.

आधी मळण्याचं बोलू. अंडं कोंबडीतून बाहेर पडतं तेव्हा सहसा स्वच्छ असतं. त्यावर एक ओलसर पातळ लेप असतो. तो बघता बघता वाळतो आणि कवचावरची हजारो बारीक छिद्रं बुजवतो. चिखल येतो तो नंतर, आणि बहुतेक वेळा कोंबड्यांच्या पायांनी येतो. एक कोंबडी अंडं घालून उठते, दुसरी अंगणातून तशीच येऊन त्यावर बसते, मग तिसरी. दहा वाजेपर्यंत त्या टोपलीत चौघींच्या पायांचा चिखल आणि शिट जमलेली असते. म्हणून पेटीच्या आधी पेटीकडे जाणारी वाट दुरुस्त करा. खुराड्याच्या दारापासून पेटीपर्यंत दोन-तीन फूट तरी अशी हवी की चालता चालता पाय पुसले जातील. कुळागर आहे म्हणजे जुन्या पोफळीच्या रिपा मिळतीलच. त्या बोटभर फटी ठेवून दोन आडव्या लाकडांवर ठोका आणि जमिनीपासून वीतभर उंच बसवा. चिखल फटीतून खाली पडतो आणि आठवड्याने खालचं फावड्याने ओढून माडाच्या आळ्यात टाकता येतं. दाराबाहेर चार हात जागेत बारीक खडी पसरली तर आणखी बरं. चिऱ्याचा भुगा मात्र टाकू नका. तो उन्हाळ्यात छान दिसतो, पण पहिल्या दोन सरींतच त्याचा लाल रेंदा होतो आणि तोच पुन्हा अंड्यांवर येतो.

खुराड्याचं तोंड कुठे आहे तेही बघा. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि वाऱ्याबरोबर आडवा मारतो. दार पश्चिमेला असेल तर पागोळ्या आणि झड थेट आत येते. दार फिरवणं जमत नसेल तर पत्रा दीड-दोन फूट पुढे काढा, किंवा चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) आडोसा बांधा.

आता धुण्याबद्दल. दुकानदार चुकीचं सांगत नाही. धुतल्यावर तो नैसर्गिक लेप जातो आणि छिद्रं उघडी पडतात. त्यात विहिरीचं गार पाणी असलं तर आतला ऐवज थंडीने किंचित आकसतो आणि बाहेरचं पाणी, त्यातल्या घाणीसकट, आत ओढलं जातं. वरून अंडं चकचकीत दिसतं आणि आतून बिघडायला लागलेलं असतं. जरासं मळलेलं अंडं कोरड्या खरबरीत फडक्याने किंवा वापरून गुळगुळीत झालेल्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. फारच माखलेलं असेल तर ते घरी ठेवा. अंड्यापेक्षा थोड्या गरम पाण्याने, स्वयंपाकाच्या वेळीच धुवा आणि त्याच दिवशी पुरतं शिजवून खा. असं अंडं दुकानात द्यायचं नाही आणि रवणीलाही, म्हणजे पिल्लं काढायलाही, ठेवायचं नाही.

टोपलीबद्दल. कोंबडी हट्टी नसते. तिला अंधारी, कोरडी, मऊ आणि पाठीला आडोसा असलेली जागा हवी असते, जिथे येणारं-जाणारं कोणी दिसत नाही. तुमच्या लाकडांच्या राशीत हे सगळं आहे. तुमची टोपली जमिनीवर, वरून उघडी आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत. मी कोंबडी असतो तर मीही राशीतच गेलो असतो!

तेव्हा पेटी अशी करा. आतून लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी बारा इंच. गावठी कोंबडी अंगाने लहान, तिला दहाही पुरतात, पण ग्रामप्रिया आहेत म्हणून बारा धरा. 'मोठी असली तर ऐसपैस' असा विचार करू नका, कारण मोठ्या पेटीत दोघी-तिघी घुसतात, ढकलाढकली होते आणि अंडी फुटतात. चार-पाच कोंबड्यांमागे एक या हिशेबाने तुम्हाला तीन पेट्या पुरे, चौथी केलीत तर चैन. आणि तीनही सारख्याच केल्या तरी कोंबड्या एकीच्याच दारात रांग लावतील. ते तसंच असतं, त्यासाठी काही बदलायला जाऊ नका.

पेटीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच. समोर खाली चार-पाच इंचांची आडवी पट्टी हवी, नाहीतर पेंढा आणि अंडी दोन्ही बाहेर येतात. चढायला पेटीपुढे वीतभर अंतरावर एक दांडी. कोंबडी आधी दांडीवर उतरते, मग आत जाते, आणि तेवढ्यात पायाची उरलीसुरली माती झटकली जाते. पेटीचं छप्पर चांगलं उतरतं ठेवा, सपाट ठेवलंत तर रात्री त्यावरच मुक्काम पडतो. तोंडावर जुन्या गोणपाटाचा पडदा, मधे चिरून, अर्ध्यापर्यंत सोडा. आत अंधार झाला की कोंबडी स्वस्थ बसते, आणि अंधारात दुसरीचं अंडं टोचायची बुद्धीही कमी होते. वाऱ्यासाठी वरच्या बाजूला दोन-चार भोकं पुरतात.

एक गोष्ट बरेचजण विसरतात, ती झोपायच्या दांडीची. कोंबड्या रात्री मिळेल त्या सर्वांत उंच जागी बसतात. पेटी दांडीपेक्षा उंच असेल तर त्या पेटीत झोपतील, आणि कोंबडी रात्रभर शिटते. झोपायची दांडी पेटीपेक्षा फूटभर तरी उंच हवी, पण पेटीच्या बरोबर डोक्यावर नको. मनगटाएवढ्या जाडीचा बांबू चालतो, फक्त पेरं तासून घ्या. तरीही एखादी तलंग पेटीत झोपायला लागली, तर काही दिवस तिन्हीसांजेला पेटीच्या तोंडाला फळी लावा. मात्र उजाडायच्या आत ती काढायची आठवण ठेवा. ग्रामप्रिया सकाळी लवकरच अंड्याला बसतात.

हे सगळं लाकडाचंच हवं असं मुळीच नाही. रंगाच्या वीस लिटरच्या प्लॅस्टिक बादल्या घ्या, स्वच्छ धुवा, आडव्या करा. झाकणाचा खालचा भाग चार इंचांचा कापून परत बसवला की समोरची पट्टी तयार. दोन रिपांच्या खाचेत त्या गडगडणार नाहीत अशा बसवा आणि तळाला पाणी निथळायला भोकं पाडा. पावसाळ्यात बादली धुऊन अर्ध्या तासात पुन्हा जागेवर येते. तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबेही लोक वापरतात, पण ते गावठीपुरतेच, कापलेल्या कडा ठोकून मोडल्या तरच, आणि उन्हात अजिबात नाही. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की कोंबडी पुन्हा राशीत जाते. लाकूड हवंच असेल तर वखारीतले फणसाचे किंवा माट्टीचे तुकडे आणा. साधं प्लायवुड आपल्या हवेत एका पावसात फुगतं. फटी जितक्या कमी तितकं चांगलं, कारण कोंबड्यांचं रक्त पिणारे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे लाल किडे दिवसा त्याच फटींत लपतात आणि रात्री बाहेर येतात. कोंबड्या अचानक पेटी टाळू लागल्या तर रात्री बॅटरी घेऊन फटी तपासा. लाकडाला आतून-बाहेरून चुना काढा. जुनं इंजिन ऑइल फासायची पद्धत दिसते, ती करू नका. त्याचा वास आणि तेल दोन्ही अंड्याला लागतं.

तळाला दोन इंच तूस, त्यावर भाताचा पेंढा, बोटभर लांबीचा कापून. लांब पेंढा पायात अडकतो आणि उठताना अंड्यासकट बाहेर ओढला जातो. काथ्याचे सुटे धागे नकोत, ते नख्यांना गुंडाळतात, पण काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा तळाशी घातला तर उत्तम. पेंढा आत्ताच, मिरगाआधी, कडक उन्हात वाळवून झाकणाच्या पिंपात भरून ठेवा. ऑगस्टमध्ये वाळवायला ऊन कुठून आणणार? कुबट वास आलेला, बुरशीचा पेंढा वापरण्यापेक्षा नुसतं तूस बरं, कारण ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते. पावसाळ्यात आठवड्याला सगळा बदल, आणि अंडं फुटलं तर तो पेंढा त्याच क्षणी बाहेर.

घरंगळणाऱ्या पेटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला ती सुचवणार, म्हणून सांगतो. तिचा तळ मागच्या बाजूला इंच-दीड इंच उतरता असतो. अंडं घातलं की ते मागच्या झाकलेल्या खणात घरंगळतं, तिथे ना पाय पोचतात ना चोच. तळाला पायपुसणं किंवा हार्डवेअरवाल्याकडची प्लॅस्टिकची हिरवळ, खणाच्या टोकाला स्पंज. उतार याहून जास्त दिला तर अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. युक्ती चांगली आहे, आणि अंडी खाण्याची सवय लागलेल्या कळपाला यासारखा उपाय नाही. पण गावठी कोंबडीला पायाने उकरून खळगा करायचा असतो, तिला उघडा उतरता तळ रुचत नाही. तुमच्याकडे आधी साध्या पेट्या करा. खाणं थांबलंच नाही तर तीनपैकी एकीचा तळ बदला.

पेटी बसवली की कोंबड्या आपोआप येतील असं नाही. लाकडांची रास काही दिवस चुडतांनी झाकून टाका. सकाळी खुराडं लगेच न उघडता दहा-साडेदहापर्यंत आतच ठेवा, दाणापाणी आतच द्या. बहुतेक अंडी सूर्योदयापासून पाच-सहा तासांत पडतात, तेव्हा एवढं केलं तरी आठवडा-दोन आठवड्यांत जागा ठरते. प्रत्येक पेटीत एक खोटं अंडं ठेवा. पांढरा रंग दिलेलं सावंतवाडीचं लाकडी लिंबूसुद्धा चालतं. सवय लागली की ते काढून घ्या, कारण साप खोटं अंडंही गिळतो आणि मग तडफडून मरतो.

आता चोर. घरात तीन मतं आहेत, पण चोर मागे काय ठेवून जातो ते बघितल्याशिवाय निकाल देता येत नाही. काहीच खूण नाही, कवचाचा तुकडा नाही, पेंढा कोरडा, म्हणजे अंडं अख्खं गेलं. हे साप किंवा घोरपडीचं काम, दोघेही सबंध गिळतात. धामण तर दिवसाढवळ्या येते. अंडं बाहेर दगडाजवळ फुटलेलं मिळालं तर मुंगसाचा संशय धरा, कारण ते पुढच्या पायांत अंडं धरून मागे दगडावर आपटतं. कुरतडलेल्या कडा आणि जवळ लेंड्या म्हणजे उंदीर किंवा घूस. पेंढा चिकट, उरलेल्या अंड्यांवर बलक वाळलेला, एखादीच्या चोचीवर पिवळा डाग, तर तुमचे यजमान बरोबर. आणि अंडी ठराविक वारीच कमी होत असतील, तर दोन पायांच्या प्राण्याचाही विचार करायला हरकत नाही.

गंमत अशी की यातले घोरपड, मुंगूस, धामण हे सगळे दिवसा फिरणारे. तेव्हा रात्री खुराड्याला कितीही कुलूप लावा, अंडी जातात ती सकाळी दार उघडं असताना. त्यावर सर्वांत मोठा आणि फुकटचा उपाय म्हणजे अंडी उचलणं. दहा-अकराला एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा. संध्याकाळी एकदमच गोळा करायची सवय असेल तर ती पहिली मोडा. पेटीच्या मागच्या बाजूला बिजागरीचं झाकण ठेवलंत तर आत न शिरता काम होतं. पण न बघता हात घालायचा नाही, विशेषतः पावसाळ्यात. आधी झाकण काठीने उचला आणि डोळ्यांनी बघा. नाग दिसला तर मागे सरा आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर मंत्र-औषधात वेळ न घालवता सरळ इस्पितळ. घोरपडीला काठी घालू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात आहे आणि अंड्यांपायी तुरुंगाची हवा परवडणारी नाही.

रात्रीच्या उंदीर-घुशींसाठी जाळी लागेलच. षटकोनी मुर्गाजाळी पातळ असते, घूस ती वाकवून आत येते. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश घ्या. खाली चिरा लागला तर खणत बसू नका. जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड फूट आडवी पसरा आणि तिच्यावर फुटके चिरे ओळीने मांडा. उकरणारा प्राणी भिंतीलगत उकरतो आणि त्याला तिथे जाळी लागते. मासेमारीचं जुनं जाळं मात्र कुंपणाला लावू नका. साप त्यात अडकून कापला जातो, आणि जिवंत अडकलेला नाग सोडवणं हे कोणाच्याही घरचं काम नाही.

कोंबड्याच खात असतील, तर बहुतेक वेळा सुरुवात एका पातळ कवचाच्या, फुटलेल्या अंड्याने झालेली असते. कवचाला चुना लागतो. तुमच्याकडे तिसऱ्या, खुबे येतच असतील. त्यांच्या शिंपल्या भाजून गव्हाच्या दाण्याएवढ्या कुटा आणि वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, जिला हवं ती खाईल. दाण्यात मिसळायची गरज नाही. अंड्याची कवचं घालायची असतील तर ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करून. आणि खाऱ्या बांगड्याची डोकी, सुकटीची चाळण कोंबड्यांना टाकत असाल तर हात आखडा. मीठ जास्त झालं की त्या पाणी ढोसतात, शिट पातळ होते, आणि मग स्वच्छ पेटीतही अंड्यांवर पट्टे उमटतात. मासळी बंद करूनही शिट पातळच राहिली, तर वाळपईच्या जनावरांच्या दवाखान्यात नमुना दाखवा. तो जंतांचा किंवा आतड्याच्या रोगाचा प्रश्न असू शकतो, आणि तो पेटीने सुटणार नाही.

शेवटी दुकानदाराची तक्रार. धुणं हे एक कारण झालं, दुसरं तुमच्या पत्राच्या पहिल्या दोन ओळींतच आहे, आणि ते म्हणजे कोंबडा. कोंबडा असला की अंडी फलित होतात, आणि साधारण २१ अंशांच्या वर गेलं की त्यांतला जीव हळूहळू वाढायला लागतो. आपल्याकडे स्वयंपाकघरातसुद्धा बाराही महिने त्याहून जास्त तापमान असतं. अंडी पडायला कोंबडा लागत नाही, पिल्लांनाच लागतो. राखणेसाठी किंवा पिल्लांसाठी तो ठेवला असेल, तर रवणीला अंडी हवी असतील तेव्हाच कळपात सोडा, एरवी वेगळा डाला. वेगळा केल्यानंतरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात, तेवढी घरी वापरा. त्यानंतरची टोक खाली करून, सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत वाळपईला पोचवा.